ही शेळी डेअरीची नव्हे

गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर ती सुटली, पण मागच्या महिन्यात गावाकडून कुणीतरी लिटरभर चीक आणून दिला आणि घरात खरवस झाला. गूळ, वेलदोडा, वर थोडं जायफळ. नातीनं विचारलं, दूध उकळलं की पातळच राहतं, मग चीक वाफवला की वडी कशी पडते? तेहतीस वर्षं पशुवैद्यकीय खात्यात काढलेल्या आजोबाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मी सांगितलं, चिकात जी प्रथिनं ठासून भरलेली असतात ती उष्णतेनं गोठतात, आणि त्यांतली मोठी संख्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीजची असते. आपण वासराचं पहिलं लसीकरण गूळ घालून खातो आहोत.

वासरू किंवा करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. माणसाच्या बाळाला ती आईच्या वारेतून पोटातच मिळतात. गायी-शेळ्यांच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत, म्हणून पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो. दिवस उलटला की आतड्याची ती दारं बंद होतात. मोठ्या माणसाची तर ती कधीच बंद झालेली असतात. खरवस कितीही खाल्ला तरी त्यातली प्रतिपिंडं पचून जातात, रक्तात उतरत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

विषाणूवर चालणारी माणसाची प्रतिपिंडं जनावराच्या दुधात तयार करायची, ती गाळून शुद्ध करायची आणि इंजेक्शनमधून रुग्णाला द्यायची, ही कल्पना आता स्वप्नरंजन राहिलेली नाही. जनावराच्या दुधातून औषध निघतं, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे ते करावं का, एवढाच प्रश्न उरतो. माझं उत्तर ‘करावं’ असं आहे. पण ज्या कारणासाठी आपल्या जिल्ह्यातली माणसं त्याकडे आशेनं बघतात, ते कारण साफ चुकीचं आहे.

सिन्नर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर एका तरुण गोठेवाल्यानं मला विचारलं, “डॉक्टरसाहेब, ते औषधाच्या दुधाच्या गायी आपल्याकडे कधी येणार? लिटरला हजार रुपये तरी देतील ना?” त्याचं काही चुकलं नाही. फॅट आणि एसएनएफच्या (चरबी सोडून दुधातल्या घन भागाच्या) काट्यावर रोज अपमान करून घेणाऱ्या, लिटरमागे 5 रुपयांच्या सरकारी अनुदानाची वाट बघणाऱ्या माणसाला अशी बातमी लॉटरीसारखी वाटणारच. पण त्याला मी जो हिशेब वहीवर मांडून दाखवला, तोच इथे मांडतो.

आधी हे होतं कसं ते थोडक्यात. दुधातलं केसीन हे प्रथिन फक्त कासेत तयार होतं, कातडीत किंवा यकृतात नाही. कारण त्याच्या जनुकाला एक स्विच असतो, जो कासेतच आणि दूध उतरण्याच्या काळातच चालू होतो. हव्या त्या प्रतिपिंडाचं जनुक त्या स्विचच्या मागे जोडायचं आणि भ्रूणात घालायचं. जन्मलेलं मादी करडू मोठं होऊन व्यालं की केसीनबरोबर तेही प्रथिन कासेत तयार होऊ लागतं. ऐकायला सोपं, करायला भयंकर किचकट. सुरुवातीच्या पद्धतीत शंभर भ्रूणांत सुई खुपसली तर जनुक घेऊन जन्मणारी पिल्लं बोटावर मोजण्याइतकी निघायची. पुढे पेशीतच जनुक घालून, तपासून, मग त्या पेशीपासून क्लोन करण्याची वाट निघाली. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत 1996 मध्ये जन्मलेली डॉली मेंढी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यामागचा एक मोठा हेतू असं औषधी दूध देणारे कळप उभे करण्याचा होता, हे फारसं कुणी सांगत नाही. तिच्याआधी 1990 मध्ये तिथंच ट्रेसी नावाची मेंढी जन्मली होती. तिच्या दुधात एक मानवी प्रथिन लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास उतरत होतं.

औषध म्हणून पहिली मान्यता मिळाली ती शेळीला. रक्त गोठण्यावर नियंत्रण ठेवणारं अँटिथ्रॉम्बिन शेळीच्या दुधातून काढून युरोपात 2006 मध्ये आणि अमेरिकेत 2009 मध्ये मान्य झालं. एक शेळी वर्षभरात जेवढं अँटिथ्रॉम्बिन देते, तेवढ्यासाठी सुमारे 90 हजार रक्तदानं लागतील, असं तेव्हा सांगितलं जायचं. नेदरलँड्सच्या कंपनीनं सशाच्या दुधातून काढलेलं औषध 2010 मध्ये युरोपात आणि 2014 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. हो, सशाची धार काढतात, त्यासाठी चिमुकलं यंत्र असतं. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते अजून हसतात. प्रतिपिंडांबद्दल म्हणाल, तर 1998 मध्येच डुकरांच्या एका कोरोनाविषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं उंदरांच्या दुधात उतरवून दाखवली गेली होती. तेव्हा ‘कोरोना’ हा शब्द आम्हा जनावरांच्या डॉक्टरांपलीकडे फारसा कुणाला माहीत नव्हता.

आता वहीवरचा हिशेब. आपली संगमनेरी शेळी दिवसाला लिटरभर देईल तर पुष्कळ. म्हणून जास्त दूध देणारी विलायती किंवा संकरित शेळी धरू. एका वेताला 500 लिटर. लिटरला 2 ग्रॅम प्रतिपिंड धरलं तर वर्षाला 1 किलो. शुद्ध करताना निम्मं वाया गेलं, उरलं अर्धा किलो. कुत्रा चावल्यावर रेबीजसाठी जी प्रतिपिंडं जखमेत भरतात, ती एका माणसाला 20 मिलिग्रॅम लागतात असं समजून चाला. म्हणजे एका शेळीच्या एका वेतात 25 हजार माणसांची सोय. चाळीस शेळ्यांत 10 लाखांची. चाळीस! त्या तरुणाच्या वस्तीवरच याहून जास्त शेळ्या असतील. तो हिशेब बघून गप्प झाला. अख्ख्या देशाची गरज एका गोठ्यात भागणार असेल, तर तिथे शेतकऱ्याला जागा कुठली?

आणि तो गोठाही त्याच्या ओळखीचा नसेल. आत जाताना आंघोळ करून कपडे बदलायचे, चारा तपासलेला, प्रत्येक शेळीच्या सात पिढ्यांची नोंद, बाहेरचं एकही जनावर आत नाही. अँटिथ्रॉम्बिन बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीनं आपल्या कळपाच्या शेळ्या मुद्दाम न्यूझीलंडमधून आणल्या होत्या, कारण तिथे मेंढ्या-शेळ्यांचा स्क्रेपी हा मेंदूचा रोग नाही. आपल्याकडे पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग आहे, लाळ्या-खुरकूत आहे. 2022 मध्ये लंपीनं काय केलं ते गोठ्यागोठ्यानं पाहिलं. दुधात नको असलेलं काहीही सापडलं तर अख्खा साठा फेकायचा. हे नाशिकला वेगळं समजावून सांगायला नको. 2010 च्या हंगामात युरोपनं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून कंटेनर अडवले, तेव्हा किलोत मिलिग्रॅमच्या हिशेबानं माणसं कशी उद्ध्वस्त होतात ते निफाड-दिंडोरीनं बघितलंय. द्राक्ष निदान खाण्याचं असतं. हे सुईनं रक्तात जाणार आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की या शेळीला दुग्धव्यवसायाच्या फायलीतून बाहेर काढा. तो औषधाचा कारखाना आहे, फक्त त्याची एक टाकी चारा खाते. ‘जोडधंदा’, ‘दुप्पट उत्पन्न’ हे शब्द तिच्याजवळ फिरकू देऊ नका. ते शब्द आले की मागोमाग औषधी दुधाच्या बाटल्या येतील. ‘ए-टू’ दुधाच्या, म्हणजे केसीनच्या एका प्रकाराच्या नावानं काय चाललंय ते आपण बघतोच. 2024 च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटावरचे ‘ए-वन’, ‘ए-टू’ हे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत तो आदेश मागेही घेतला. अशा देशात ‘अँटिबॉडीवालं दूध’ दीडशे रुपये पेला विकायला कुणाला वेळ लागणार नाही. पिणाऱ्याच्या रक्तात एक कणही जाणार नाही.

मग हा कारखाना हवाच कशाला? इथे मला एक जुना प्रसंग सांगावासा वाटतो. मी नोकरीत असताना आमच्या शिपायाच्या आठ वर्षांच्या पोराला कुत्रं चावलं, तेही गालाला. मेंदूच्या इतक्या जवळ चावा असला की नुसती लस पुरत नाही. लसीनं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडा-दहा दिवस घेतं, तोवर तयार प्रतिपिंडं जखमेभोवती टोचावी लागतात. पहिल्या दवाखान्यात लस होती, ते इंजेक्शन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी मिळाली, बाहेरून आणा म्हणून. शिपायाच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. आम्ही चौघांनी मिळून जमवले. पोरगा आज ट्रक चालवतो.

ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून काढलेलं होतं. घोड्याला पुन्हापुन्हा लस टोचायची, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं वाढली की रक्त काढायचं. माणसांच्या घटसर्पावर (डिप्थेरियावर) अशाच रक्तजलाचं काम करून बेरिंग यांनी 1901 मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळवलं. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही आपल्याकडे तसंच बनतं. दुधातल्या औषधाला ‘जनावराचा छळ’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, घोड्याच्या मानेतून पिशव्या भरभरून रक्त काढणं आणि शेळीची धार काढणं, यांतलं जनावराला काय हवं असेल? प्राण्यांची दया करायची तर आधी घोड्याकडे बघा. सवाल छळाचा आहेच, पण तो धार काढण्यात नाही. तो कुठे आहे ते पुढे येईल.

अर्थात घोड्याला पर्याय फक्त शेळीचा नाही. खरा स्पर्धक टाकी आहे. नाशिककरांनी वायनरीतल्या स्टीलच्या उंच चकचकीत टाक्या पाहिलेल्या असतात. तशाच टाक्यांत चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवून आज बहुतेक प्रतिपिंडं बनतात. रेबीजवरचं असं टाकीतलं प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केलं आणि 2016 मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. दुधाची कल्पना निघाली त्या काळात टाकीतल्या लिटरमधून मिलिग्रॅम मिळायचे, म्हणून कास स्वस्त वाटली. आज टाकीतून लिटरला 3 ते 5 ग्रॅम, कधी त्याहून जास्त मिळतं. कासेची निम्मी मिरास तिथेच गेली. शिवाय दोन्हीकडे शुद्धीकरण सारखंच महाग. उलट दुधात चरबी, केसीन आणि शेळीची स्वतःची प्रतिपिंडं वेगळी काढण्याचं काम वाढतं. मानवी प्रतिपिंडावर शेळीची कास ज्या साखरेच्या साखळ्या चिकटवते, त्याही माणसाच्या शरीरासारख्या हुबेहूब नसतात, त्या तपासाव्या लागतात.

आणि वेळ. कोविडमध्ये रोश या औषध कंपनीची दोन प्रतिपिंडांची जोडी मे 2021 मध्ये आपल्याकडे आली. एका डोसची किंमत 59,750 रुपये. त्या काळात नाशिकमध्ये दागिने मोडून औषध शोधणारी घरं मी पाहिली आहेत. आठ महिन्यांत ओमायक्रॉन आला आणि ती जोडी त्याच्यापुढे निरुपयोगी ठरली. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेनं तिचा वापर थांबवला. आता शेळीचं बघा. गाभण काळ पाच महिने, करडू माजावर यायला आठ-दहा महिने, पुन्हा पाच महिने, मग धार. म्हणजे पहिला थेंब हातात यायला दीड वर्ष, आणि कळप वाढवायला आणखी. टाकीवाल्यांनी 2020 मध्ये तीन महिन्यांत माणसांवरच्या चाचणीपर्यंत मजल मारली होती. जो विषाणू ऋतूगणिक कात टाकतो, त्याच्यामागे शेळी सोडणं म्हणजे एसटीच्या मागे बैलगाडी सोडण्यासारखं आहे. पुढच्या साथीसाठी औषधी दुधाचे कळप तयार ठेवा, अशी भाषा कुणी केली तर त्याला हा हिशेब दाखवा.

शेळी शोभते कुठे? जिथे विषाणू फारसा बदलत नाही आणि प्रतिपिंड मिलिग्रॅममध्ये नव्हे, किलोंत आणि टनांत लागतं तिथे. रेबीज पहिल्या अटीत बसतो, दुसऱ्या अटीत नाही. वर आपण पाहिलंच, चाळीस शेळ्यांत काम होतं, आणि तेवढ्यासाठी टाकीही पुरे. रेबीजचं दुखणं उत्पादनात नाही. इंजेक्शन सुरगाण्याच्या, पेठच्या दवाखान्यातल्या फ्रिजपर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे. त्याला शेळी काय करणार?

दोन्ही अटींत बसणारा माझ्या डोळ्यांसमोरचा विषाणू आरएसव्ही. तान्ह्या बाळांची छाती भरून आणणारा, श्वास लागला की आई-बापांची पाचावर धारण बसवणारा. त्यावरचं एक प्रतिपिंड 1998 मध्ये वापरात आलं आणि विषाणूनं त्याला दोन दशकांत फारसा चकवा दिला नाही. नवीन आलेल्या प्रतिपिंडाचा लहान बाळासाठी 50 मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. सगळ्यांना द्यायचं ठरवलं तर 1,100 किलोहून अधिक शुद्ध प्रतिपिंड लागेल, दर वर्षी. आजच्या भावात हे सरकारलाही झेपणार नाही, कारण तो भाव श्रीमंत देशांच्या खिशाकडे बघून ठरतो. माझ्या वहीतल्या दरानं या बाळांसाठी अडीच हजारांच्या आत दुभत्या शेळ्या लागतील. अशा ठिकाणी टाकी आणि कास यांची खरी तुलना करून बघायला हवी, कागदावर नव्हे तर कळप उभा करून. टाकी वाढवायची तर नवा कारखाना बांधावा लागतो. कळप वाढवायचा तर बोकड सोडावा लागतो. मला जो काही मोह आहे तो एवढ्या एका वाक्यात आहे.

हे काम कुणी करावं? खासगी कंपनीनं एकटीनं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेळीच्या अँटिथ्रॉम्बिनचं विज्ञान यशस्वी झालं, व्यापार झाला नाही, आणि औषध पुढे बाजारातून गेलं. ट्रेसीच्या मालक कंपनीचा भागीदार 2003 मध्ये मागे हटला, कंपनी मोडली, आणि न्यूझीलंडमधल्या तिच्या कळपातल्या मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या. टाकी बंद पडली तर भंगारात जाते. कळप बंद पडला की काय होतं, ते हे. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं 2009 मध्येच म्हशीच्या रेडकांचे क्लोन जन्माला घातले. हात आहेत, डोकी आहेत. परळच्या हाफकिनसारखी, घोड्यांपासून प्रतिविष काढण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेली सार्वजनिक संस्था आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आमच्या नाशकातच आहे. अशांनी मिळून सरकारी पैशानं एक छोटा कळप उभा करावा आणि दहा वर्षं सांभाळण्याची तरतूद पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावी.

आणि कृपा करून गाय घेऊ नका. पारजनुकीय, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं जनावर खाण्याच्या साखळीत जाऊ द्यायचं नसतं. ते भाकड झालं तर एक तर मारायचं किंवा मरेपर्यंत पोसायचं. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल, वळू कशाचीच कत्तल करता येत नाही. 2024 मध्ये देशी गायीला ‘राज्यमाता’ घोषित केलं. या राज्यात कुणी गायीच्या भ्रूणात माणसाचं जनुक घातलं, तर औषधाची चर्चा पहिल्याच दिवशी संपेल आणि दुसरीच सुरू होईल. मी त्या वादात या किंवा त्या बाजूनं बोलत नाही. एवढंच म्हणतो की आजारी बाळाचं औषध त्यात अडकवू नये. परवानगीचा रस्ताही काही सरळ नाही. जनुक बदललेल्या पिकांचा आपला अनुभव बघा. कापसाला 2002 मध्ये हो, वांग्याला 2010 मध्ये थांबा, मोहरीला 2022 मध्ये हो आणि मग कोर्ट. त्यातून एक शहाणपण घ्यावं, पहिल्या दिवसापासून सगळं उघड ठेवावं. कळप कुठे आहे, किती जनावरं, किती मेली, ती कुठे पुरली किंवा जाळली. शेळीला परागकण नसतात, तिला कुंपण पुरतं, ही आपली जमेची बाजू.

छळाचा जो प्रश्न मी बाजूला ठेवला होता तो मला एका शेळ्या राखणाऱ्या बाईंनी विचारला. इगतपुरी तालुक्यात त्यांच्या शेळ्यांना मी अनेक वर्षं पीपीआरची लस टोचली आहे. निवृत्तीनंतर सहज गेलो होतो. त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, दुधात औषध, शेळीची राखण, एसीचा गोठा. त्या ऐकत होत्या, हातानं शेळीच्या कानाची गोचीड काढत होत्या.

“आन् निम्मी करडं बोकड होतील, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “त्यांना तर दूध न्हाई. बाजारात बी न्यायची न्हाईत म्हणता. मग त्यांचं काय करनार?”

मी म्हणालो, “मावशी, मादीच व्हावी अशी बीजं निवडता येतात आता, गायींमध्ये तर सर्रास वापरतात.” त्यांनी मान हलवली. “आन् तरी जी होतील ती?”

त्यावर, तशी शंभरातली दहा होतील, असं मी म्हटलं. त्यांना जन्मभर चारा घालायचा खर्च मी अजून वहीत धरलेला नाही.